डोहातला पाना

"घाई करू नोका, भाऊ. नीट पाहा," धुरपता म्हणाली, आणि पदराखाली धरलेला पाना तिनं एकदाचा खुशालच्या पुढ्यात ठेवला.

चार दिवसांपूर्वी बाघ नदीच्या डोहात तो एका ढिवराच्या जाळ्यात आला होता. वीतभर लांब, गंजलेला, जबड्यात चिखल बसलेला. धुरपताचा नवरा दुधराम भादव्यातल्या पुरात तांदळाची लॉरी घेऊन याच नदीच्या रपट्याकडे, पुरात बुडणाऱ्या ठेंगण्या पुलाकडे, गेला होता. पलीकडे तो पोचला नाही. अलीकडे परतलाही नाही. सात महिने झाले, ना लॉरी दिसली ना माणूस.

"आपल्या लॉरीचा आहे की नाही, एवढंच सांग," लॉरीमालकाचा मुनीम केशोराव दारातून म्हणाला. तो आत आलाच नव्हता. सायकल धरून उभा होता.

हे सांगू शकेल असा माणूस साऱ्या गोंदियात एकच होता. खुशाल मोटारी दुरुस्त करायचा, पण त्याचा जीव गुंतलेला असायचा पान्यांत, तेही मळसूत्र फिरवून जबडा लहानमोठा होणाऱ्या जुन्या पान्यांत. भंगाराचे ढीग उपसून, बालाघाटपर्यंत पायपीट करून त्याने ते जमवले होते. दुकानाची एक भिंत त्यांनीच भरली होती. दांड्याचा बाक पाहून आणि मळसूत्राचे आटे अंगठ्यानं चाचपून तो पाना कोणत्या गाडीबरोबर आला ते सांगायचा. लोक पैजा लावायचे आणि हरायचे.

त्याने पाना रॉकेलमध्ये बुडवला, चिंधीनं पुसला. मळसूत्र फिरेना. जबड्यातून ओली रेती गळली. दांड्याचं टोक चपटं होतं, टाकीचं झाकण उघडण्यासाठी केलेलं. गंजाखाली एक आकडा बोटाला लागला.

आकडा खुशालच्या ओळखीचा होता.

महायुद्ध संपल्यावर लिलावात फौजी लॉऱ्या आल्या, त्यांतल्या या जातीच्या दोनच गोंदियात राहिल्या. एक मोडीत निघाली. तिचा पाना त्याच्याच भिंतीवर होता. दुसरी दुधराम चालवायचा.

त्याने मान वर केली. धुरपताच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. हातभर हिरव्या बांगड्या होत्या. कामठ्याहून ती उन्हात चालत आली होती आणि श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे पाहत होती. आपण 'हो' म्हटलं की त्या बांगड्या इथंच फुटणार. आशेच्या आधारावर माणूस किती वर्षं काढतो! ती आशा आपण का मोडायची?

पान्याच्या बाबतीत तो जन्मात खोटं बोलला नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "हा त्या लॉरीचा नाही. कुण्या जुन्या मोटारीचा दिसतो."

तिचा चेहरा खुलेल असं त्याला वाटलं होतं. पण धुरपता मटकन खाली बसली.

"चला, झालं," केशोराव म्हणाला. "शेठनं सांगितलंच होतं. खुशाल हो म्हणाला तर डोहात माणसं उतरवू. नाही म्हणाला तर दुधराम लॉरी विकून रायपूरकडे पळाला, हे पक्कं. आता जातो ठाण्यात. चोरीची फिर्याद देतो."

खुशाल उठला. "म्हणजे... डोह पाहणार नाही?"

"काऊन पाहतील?" उत्तर धुरपतानं दिलं. "सात महिने झाले, भाऊ, लोक चोराची बायको म्हनून राहिले मले. पोरीचं जमलेलं लगन मोडलं. हे कुकू तर मी सासूसाठी लावून राहिली. तो गेला, हे मले कवाचंच समजलं. त्याले कोनी चोर म्हनू नये, एवढ्यासाठी तुमच्याकडं आली होती."

खुशालनं भिंतीवरचा जोडीचा पाना ओढून काढला आणि तो धावत रस्त्यावर गेला.

"केशोराव, थांबा! त्याच लॉरीचा आहे! मी खोटं बोललो. हे पाहा, दोन्ही सारखे. टोक पाहा, आकडा पाहा."

केशोरावनं एक पाय पायडलवर ठेवूनच दोन्ही पान्यांकडे पाहिलं. "एक सडलेला, एक चकचकीत. मला यातलं काय समजतं? समजतं ते तुला. अन् तू तर बोलून चुकला." तो हसला. "बाई रडली म्हणून पाना बदलला का रे?"

"मी ठाण्यात येऊन सांगतो!"

"ये की. मीही सांगतो, आधी काय म्हणाला ते."

सायकल वळणाआड गेली.

खुशाल परत आला. धुरपता तिथंच बसली होती. तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. दोन्ही पाने त्याने जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले.

"वहिनी, हा दुधरामच्याच लॉरीचा आहे. माझ्या पोरांची शपथ. हा आकडा बोटानं चाचपून पाहा. मघाशी मला वाटलं, तुमची आशा..."

तिनं हात पुढं केला नाही.

"नोका, भाऊ. पोरांची शपथ नोका घेऊ." ती म्हणाली. त्याच्यावर तिचा राग नव्हता. "माझी दया येऊन राहिली तुमाले. समजते मले."

ती उठली. डोक्यावरून पदर घेतला. गंजका पाना तिनं उचलला, आणि हळूच त्याच्या ओंजळीत ठेवला.

"ठेवा तुमच्यापाशी," ती म्हणाली. "आमचा नोहे तो."