सवतीचा टाक

तुटलेलं जोडवं सोनारापुढे ठेवून हौसा तो डाग देऊन ते सांधायची वाट बघत बसली होती. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी हाकललं, त्याला तीन वर्षं झाली. तरी नवऱ्याच्या नावाची जोडवी तिनं पायांतून उतरवली नव्हती.

शेजारी एक नवी नवरी येऊन टेकली. तिनं गळ्यातून चांदीचा चिमुकला टाक काढला. त्यावर बाईची मूर्ती उठवलेली होती. पहिली बायको मेली की दुसरीनं तिचा असा टाक गळ्यात घालायचा, ही रीत.

"काका, कडी सैल झालीय. सवतीचा टाक हाय, हरवला तर सासूबाई जीव घेतील."

"कधी गेली गं सवत?" हौसानं सहज विचारलं.

"तीन वर्षं झाली. हौसा नाव होतं. सासूबाई म्हणतात, तसली गुणाची सून शोधून घावायची न्हाई. तिला निवद दाखवल्याबिगर आमच्यात कुणी जेवत न्हाई."

"कुणाच्या घरची गं तू?"

"रांजणीच्या रंगराव जगदाळ्यांच्या."

त्या घरात नऊ वर्षं हौसानं सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाल्लं होतं.

"बाई, देऊ का डाग?" सोनारानं विचारलं.

"नको." दुसऱ्या पायातलं जोडवंही तिनं ओढून काढलं. "ही चांदी आटवा आणि हिच्या टाकाला जाड कडी करा. घट्ट बसवा, दादा. मेल्यावर का होईना, बाईला वेळेवर जेवण मिळतंय."