चौथा मिस्त्री

तिसऱ्या मिस्त्रीलाही बाबांनी नापास केलं.

"त्याचा हात थरथरतो," गाडीत बसता बसता ते म्हणाले. "त्याने बांधलेलं इंजिन चाललंच म्हणून समज."

लेकीला काही तो हात थरथरताना दिसला नव्हता. उलट काठोकाठ भरलेला चहाचा कप त्याने थेंबही न सांडता तिच्यापुढे ठेवला होता. पण आठवडाभर चष्म्याच्या दुकानात उभं राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या, सुट्टीच्या दिवशी वाद घालायला तिच्यात त्राण नव्हतं. कोपरा वळायच्या आत बाबा झोपून गेले.

पहिल्या मिस्त्रीची फरशी फार स्वच्छ निघाली होती. ज्याची फरशी चकचकीत त्याच्याकडे काम नाही, असं बाबांचं म्हणणं पडलं. दुसऱ्याची फरशी चांगली तेलकट होती, तर तो बोलतो फार म्हणून गेला. खोट काढायचीच म्हटली की ती कशातही निघते. पण बाबांनी जन्म लेथवर काढलेला. निवृत्त झाले तरी सदऱ्याच्या खिशात खुणा करायचा लाल खडू अजून असायचाच. अशा माणसाला केसाएवढा फरक चालत नाही, अशी लेकीने स्वतःची समजूत घातली होती.

शर्यतीची गाडी बाबांची, चालवायची लेकीने. शर्यती हौशी लोकांच्या, रविवारच्या. बक्षीस म्हणजे पत्र्याचा पेला आणि चार टाळ्या. आई गेली त्या वर्षी बाबांनी ही जुनी गाडी आणून शेडमध्ये उभी केली आणि ते पुन्हा नीट जेवायला लागले. लेक तेव्हा हौसेने स्टिअरिंगवर बसली. नंतर हौस गेली, पण उतरायचं कसं? गाडी गेली तर म्हाताऱ्याच्या आयुष्यात उरणार काय?

आता मात्र ती थकली होती. मान धरायची, हेल्मेटचा वास नकोसा व्हायचा. घरी तिच्या धाकट्या मुलीने "उद्या तू आहेस का?" असं विचारणं सोडून दिलं होतं. ती विचारायची तेव्हा इतकं लागत नव्हतं.

गेल्या मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत इंजिनातून ठोके यायला लागले, तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की सुटले. लाज वाटली, पण आलं ते आलं. गाडी कडेला घेऊन तिने सांगितलं, "बाबा, इंजिन गेलं." बाबांनी टोपी काढली, ते एका टायरवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. किती तरी वेळ उठलेच नाहीत. ते बघवेना म्हणून तिच्याच तोंडून निघून गेलं, "चांगला मिस्त्री बघू. पुन्हा बांधून घेऊ."

आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. तेव्हापासून दर सुट्टीला ही वणवण चालू होती.

चौथा मिस्त्री गोदामांच्या रांगेत शेवटी बसायचा. अंगाने आडवा, बोलायला तोडून टाकणारा. त्याची पद्धतच वेगळी होती. इंजिन आधी टाकून जायला लावायचा, उघडून बघायचा, आणि मग मालकाशी वेगळं बोलायचा, चालवणाऱ्याशी वेगळं. दोघं समोर असले की दोघंही खोटं बोलतात आणि मधल्यामध्ये इंजिन मरतं, असा त्याचा अनुभव.

इंजिन टाकल्यानंतरच्या सुट्टीला दोघं पुन्हा आली, तेव्हा आधी बाबा आत गेले. लेक बाहेर एका पालथ्या खोक्यावर बसली. पत्र्याच्या दाराआडून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. एकदा मिस्त्री मोठ्याने हसला. थोड्या वेळाने बाबा रुमालाने बोटं पुसत बाहेर आले.

"बरा वाटतो हा माणूस," ते म्हणाले.

तिघांना नाकं मुरडणाऱ्या बाबांना हा बरा वाटला होता. म्हणजे इंजिन बांधलं जाणार, आणि आणखी एक मोसम लेकीच्या मानेवर बसणार. ती उठली तेव्हा तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

आत टेबलावर इंजिनाचे सुटे भाग मांडलेले होते. मधोमध ब्लॉक, ज्यात बाकी सगळं बसतं तो ओतीव सांगाडा.

"बोला ताई," मिस्त्री म्हणाला. "कसं बांधू? पळणारं की टिकणारं?"

"बांधूच नका," ती म्हणाली. "ब्लॉकला तडा गेलाय म्हणून सांगा. या गाडीचा ब्लॉक आता कुठे मिळत नाही म्हणा. पण माझं नाव येऊ देऊ नका, मिस्त्री. मी थकले असं कळलं तर ते खचतील. इंजिनच संपलं म्हटलं की सोसतील बिचारे."

ब्लॉक शाबूत आहे, एक बेअरिंग तेवढं गेलंय, आठवड्याभराचं काम आहे, असं मिस्त्रीने सांगून पाहिलं. तिने नुसती मान हलवली. तिला तेच तर नको होतं.

"बरं," तो म्हणाला. "पण तडा म्हटलं की दाखवायला जागा पाहिजे."

त्याने ब्लॉक तिच्याकडे फिरवला. एका बाजूला लाल गोल काढलेला होता आणि त्यात केसासारखी बारीक रेघ होती. ती वाकून बघू लागली. हा तर खरंच तडा दिसतो, ती म्हणाली. दिसतो, पण नाही, मिस्त्री म्हणाला. ओतकामात राहिलेली रेघ आहे. नवख्या डोळ्याला तडाच वाटणार.

"मग हीच दाखवा."

"दाखवतो. कोणाला दाखवू तेवढं सांगा," मिस्त्री म्हणाला. "हा गोल मघाशी तुमच्या वडिलांनी काढलाय. म्हणाले, पोरीला हीच दाखवा. मी थकलो असं तिला कळलं तर ती खचेल."