सतरावं टिंब

बाबांची पुस्तकं खोक्यात भरायला ती बसली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. वाचनालयाची गाडी पाचला येणार होती. सगळ्या रहस्यकथाच. चाळीस वर्षं छापखान्यात लोकांच्या चुका तपासून घरी आल्यावर बाबा विरंगुळा म्हणून खून वाचत.

तिने एक पुस्तक उघडलं. समासात पेन्सिलीचं बारीक टिंब. चार पानांनंतर आणखी एक. पात्र खोटं बोललं की त्या ओळीशेजारी बाबा टिंब देत. शेरा नाही, रेघ नाही, नुसतं टिंब. त्यांचं पूर्ण वाचून झालं की पुस्तक तिच्याकडे येई; त्याआधी नाही, हा घरचा कायदा. मग त्यांचा समास पट्टीने झाकून ती आपली टिंबं दुसऱ्या समासात देई, आणि शेवटी दोघं जुळवून बघत.

"लेखकानं फसवावं," बाबा म्हणत, "पण खोटं बोलू नये. खोटं पात्रांनी बोलावं. हे ज्याला जमलं तो खरा."

अशाच एका खऱ्या लेखकाला त्यांनी टिंबं दिलेली प्रत पाठवली होती. आठवड्याभरात पोस्टकार्ड आलं. 'सोळाही बरोबर. सतरावं सुटलं.' ते शोधायला बाबांना दोन महिने लागले. कथेतल्या सगळ्यात लाघवी माणसाचं होतं, पहिल्याच पानावर. "माणूस आवडला की त्याचं टिंब सुटतं," ते म्हणाले होते. कार्ड अजून कपाटाच्या काचेत खोचलेलं होतं.

"काय इन्स्पेक्टरबाई, सापडला का खुनी?"

दादा चहाचा कप घेऊन दारात उभा होता.

"तू मदतीला बसला असतास तर एव्हाना सापडला असता. शेवटचं पान आधी उघडतोस ना तू."

"मग काय! शेवट माहीत असला की जिवाला घोर नाही." त्याने कप तिच्याजवळ ठेवला. "आणि ती टिंबं मला बुवा आयुष्यात कळली नाहीत. मला वाटायचं, कसर लागलीय पुस्तकांना."

ती बऱ्याच दिवसांनी हसली.

"बरं, औषधांचा एक कागद दिसला का गं? मावशी म्हणत होत्या, बाबांनी कुठल्यातरी पुस्तकात घातला."

मावशी म्हणजे बाबांची देखभाल करायला रोज दहाला येणाऱ्या बाई.

"आता कशाला हवाय तो?"

"सगळं आवरून टाकू एकदाचं. दहा महिने झाले, या खोलीत पाय टाकला की मला धाप लागते." बाहेर फोन वाजला. तो गेला.

उशाजवळच्या स्टुलावरचं पुस्तक तिने शेवटी उचलायचं ठरवलं होतं. बाबा त्यात अर्ध्यावर होते. दहा महिन्यांपूर्वी आलेल्या अर्धांगाच्या झटक्याने त्यांची वाचा गेली होती. अक्षर जमत नव्हतं, पेन्सिल कागदावर जेमतेम टेकत असे. जाण्याच्या चार दिवस आधी, रविवारी, ती भेटायला आली तेव्हा त्यांनी हे पुस्तक तिच्या हातात दिलं होतं. तिने परत ठेवलं. त्यांनी पुन्हा दिलं.

"आधी तुमचं होऊ दे," ती म्हणाली होती. "कायदा म्हणजे कायदा."

त्यांनी तिसऱ्यांदा दिलं. तिने हसून पुस्तक उशाशी ठेवलं आणि बस पकडली.

आता तिने ते उघडलं. मधे चार घड्या घातलेला कागद होता. तारीख, वेळ, औषध, कोणी दिलं. मावशींच्या मोठ्या अक्षरातल्या दुपारच्या नोंदी, त्यांच्या बाजूला काही नाही. मधेमधे दादाचं अक्षर. 'सकाळी आठ. रक्त पातळ करायची गोळी दिली.' शेजारी टिंब. दुसऱ्या दिवशी तीच नोंद, शेजारी टिंब. दोन तारखेपासून त्या रविवारपर्यंत, एकही दिवस न चुकता. काही ठिकाणी पेन्सिल इतकी दाबली होती की कागदाला भोक पडलं होतं.

तिने मोजली. सोळा.

बाहेर दादा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "नाही हो, काही त्रास नाही झाला. झोपेतच गेले." मग त्याची पावलं वाजली.

तिने कागद पुस्तकात घातला, पुस्तक खोक्याच्या तळाशी सरकवलं आणि वर हाताला लागतील ती पुस्तकं रचली.

"सापडला?" दादाने विचारलं.

"नाही. नुसती पुस्तकंच आहेत."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर रिकाम्या स्टुलाकडे गेली. तिथे आता फक्त बाबांची पेन्सिल होती, बोटभर उरलेली.

"चहा घेतला नाहीस तू," तो म्हणाला. "साय धरली बघ."

"घेते."

त्याने पेन्सिल उचलली, अंगठ्यावर टोक तपासलं. तिच्यासमोर उकिडवा बसून त्याने खोक्याची झाकणं एकेक करून मिटली, हलक्या हाताने. तिचा तळवा अजून खोक्यावरच होता. त्याच्या अगदी शेजारी त्याने पेन्सिल टेकवली आणि एक टिंब दिलं. बारीक, गोल, हुबेहूब बाबांसारखं.