खोकल्याची तीन पानं

या, असे पुढे सरकून बसा. चपलांची काळजी नको, कोणी नेत नाही. गोष्ट छोटीच सांगणार आहे, पण कान इकडे असू द्या, कारण तिच्यात एका बाईचा जीव जाता जाता राहिला.

पंचवटीतल्या एका देवळात दुपारचं कीर्तन रंगात आलं होतं आणि शेवटच्या रांगेत योगिनीचा जीव थाऱ्यावर नव्हता. मांडीवर पाच पानं, मोबाईलमध्ये पावणेचार. पटकथालेखनाच्या एम.ए.चं शेवटचं काम होतं ते. हयात कवीची कविता घ्यायची, तिची पाच पानी पटकथा करायची आणि कवीची संमतीची सही घेऊन पाचच्या आत विभागात द्यायची. सही नाही तर सगळं सत्र वाया.

बाकीच्यांनी पुस्तकवाले कवी गाठले होते. योगिनीनं गाठल्या वत्सलाबाई. तीस वर्षं सिन्नरच्या कारखान्यात, मांडीवर सूप घेऊन तेंदूच्या पानांच्या विड्या वळलेली बाई. त्यांची चार ओळींची कविता भजनी मंडळाच्या स्मरणिकेत आली होती.

‘सुपाला सूप, गुडघ्याला गुडघा,
तुझं पान फाटलं तर माझं घे.
काय बोललो ते आठवत नाही.
तू उठलीस आणि माझं सूप जड झालं.’

आता त्याच वत्सलाबाई पुढच्या रांगेत टाळ्या वाजवत होत्या. योगिनी बायकांमधून वाट काढत त्यांच्याशेजारी जाऊन टेकली.

“आजी, फक्त सही.”

त्यांनी न बघताच तिचा हात खाली दाबला. कीर्तनात मधे बोलायचं नसतं, उठायचं तर नसतंच.

पूर्वरंग संपला. बुवांच्या गळ्यात हार पडला, नामाचा गजर सुरू झाला आणि एकजण बुक्क्याची वाटी घेऊन रांगेरांगेतून फिरू लागला. बोलायला मुभा ती एवढीच.

“वाच आता,” वत्सलाबाई म्हणाल्या. “बुक्का आपल्यापोत येईस्तवर.”

योगिनी भराभरा वाचू लागली. कारखान्याची पडवी. दोन बायका. मांडीवर सुपं. फाटलेलं पान, पुढे केलेला हात.

“अस्संच,” वत्सलाबाई मान डोलवत म्हणाल्या. “लय ग्वाड लिवलंस.”

मग तिसरं पान आलं. दुसरी बाई खोकते. चौथ्या पानावर सुपात रक्ताचे थेंब. पाचव्यावर तिरडी.

वत्सलाबाईंच्या टाळ्या थांबल्या. “कोण खोकलं?”

“ती दुसरी. तुम्ही लिहिलंय ना, ‘तू उठलीस’. म्हणजे गेली.”

“गेलीच. मालेगावला गेली, लेकीकडं. अजून तिथंच हाय. रेहाना नाव तिचं. तिला साधं पडसं नाय झालं कधी.”

योगिनीनं मोबाईलमध्ये वेळ पाहिली. “पण आजी, सर विचारतात संघर्ष कुठाय? दोघी बसल्यात, एक उठते, एवढंच. पडद्यावर दिसणार काय?”

“ती उठली ते दिसंल की. मला तर अजून दिसतं.”

“पाच पानं तरी व्हायला हवीत ना!”

“मंग पानं भराया जित्या बाईला मारलंस? शाळा हाय का मसणवटा तुझा?”

“अहो, पटकथेतली आहे ती. खरी थोडीच आहे!”

“मंग सही बी पटकथेतलीच करून घे.”

बुक्क्याचा अंगठा दोघींच्या कपाळाला लागला. बुवांनी आख्यान लावलं आणि वत्सलाबाईंनी तोंड फिरवलं.

सव्वाचार. योगिनीनं पेन उघडलं. सही म्हणजे काय, थरथरत्या अक्षरात एक नाव. कोण तपासणार होतं? पेनचं टोक कागदावर टेकलं आणि तिनं ते उचललं. खोकल्याच्या जागी ताप लिहिला, खोडला. अपघात लिहिला, तोही खोडला. ती बाई काही केल्या धडधाकट कारखान्याबाहेर पडेना. अखेर तिनं टाचणी उपटली आणि तीन पानं चरचर फाडली.

बुवा बोलता बोलता थांबले. “बाळ, आमच्याकडे टाळ पुष्कळ आहेत हो. कागद कशाला वाजवतेस?”

सगळं देऊळ हसलं. योगिनीचे कान लाल झाले, पण हात थांबला नाही. दुसऱ्या पानाच्या तळाशी तिनं लिहिलं, ‘दुसरी बाई उठते. सूप झटकते. जाते. रांगेतल्या बाकीच्या बायका जरा ऐसपैस होतात. पहिली आपल्या जागेवरून हलत नाही. शेजारची जागा तशीच मोकळी.’

आरती झाली तसं तिनं पान पुढे धरलं. वत्सलाबाईंनी ओळीवर बोट ठेवत ठेवत वाचलं. बोट शेवटच्या ओळीवर अडलं.

“मी सरकले नव्हते, हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही.”

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग पेन मागितलं आणि एकेक अक्षर उभं करत सही केली. “अन् सराला सांग,” त्या म्हणाल्या, “पानं कमी पडली तर मला बोलवा म्हणावं.”

पावणेपाच. पाचाच्या जागी दोन पानं घेऊन योगिनी पायऱ्या उतरली आणि स्कूटीला किक मारत सुटली. पास झाली की नापास, ते त्या सरांना ठाऊक.

तुम्ही मात्र एक करा, मायबाप. मालेगावात एक रेहाना आहे, चांगली खडखडीत. आज देवापुढं हात जोडाल तेव्हा तिचीही आठवण काढा. गेलेल्या माणसाची काढतात तशी काढू नका. जेवायला बसताना ‘अजून आली नाही का?’ म्हणून काढतात ना, तशी काढा.