जादा हालचाल

‘कौशल्याला मरण नाही,’ असं प्रशिक्षण केंद्राच्या भिंतीवर लिहिलं होतं. त्याखालचा पंखा मात्र मार्चपासून बंद होता.

वत्सलाताईंनी वेल्डिंगचा हातमोजा चढवला. त्यात त्यांच्या दिवंगत नवऱ्याच्या हाताचं कसब भरलेलं होतं. जोड सरळ आला. त्यांनी तोंडावरची काच वर केली, तसा मोज्यातला हात आपणहून उठला आणि कपाळावरची बट त्यानं कानामागे सारली.

“ही जादा हालचाल पुसून टाकतो,” पाटोळे सर मोज्याला यंत्र जोडत म्हणाले. “उद्या परीक्षेत तिचे गुण कापतील. नोकरी हवीय ना, ताई?”

“हवीय हो. पण राहू द्या. वीस वर्षांत ह्यांनी न सांगता केलेलं काम तेवढं एकच.”

सरांनी यंत्र बंद केलं.

दुसऱ्या दिवशी वत्सलाताईंचे सगळे जोड सरळ आले आणि त्या दोन गुणांनी नापास झाल्या.