शेवटचा बोअर

धुरपताबाईच्या रानात शेवटचा बोअर चालला होता, पाण्यासाठी नव्हे, तांब्यासाठी. तांबं लागलं की रान खाणीत जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी खडक तपासायला आलेल्या निवेदिताची दोन वर्षांची लेक उत्तरा दिवसभर म्हातारीच्याच कडेवर असायची.

"मावशी, आजही नुसता चुनखडक निघाला तर आम्ही गाशा गुंडाळणार."

"तुमच्या तोंडात साखर पडो, बाई!"

इतक्यात मशीन थांबलं. नळीतून दगडाची लांब कांडी बाहेर आली. आधी पांढरा चुनखडक होता, मग डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल खडे. निवेदिता कांडीवर वाकली.

"चुनखडकाला जमिनीखालचा तापलेला शिलारस भिडला की असे खडे होतात. आणि त्यांच्या मागोमाग..."

मागोमाग तांब्याच्या खनिजाची पिवळी चकाकी होती.

"मॅडम, लागलं!" मशीनवाला ओरडला.

धुरपताबाई उत्तराला घेऊन बांधावर मटकन बसली. कुणी पडलं की आई काय विचारते, ते उत्तराला पाठ होतं. तिनं म्हातारीच्या गुडघ्यावर हळूच फुंकर घातली.

"आजी, लागलं?"