न घेतलेला घोट

रेवतीच्या पाठवणीला मांडवात सर्वांचे डोळे कोरडे होते आणि त्याचे कोणालाही तिळमात्र नवल नव्हते. कारखान्याच्या विषारी वायूवर उतारा म्हणून ती वसाहत रोज सकाळी औषधाचा एक घोट घेत असे. त्याने श्वास सुरळीत चाले. परंतु लाळ, घाम आणि आसवे आटून जात. भरवलेली साखरदेखील जिभेवर विरघळत नसे.

इंदुमतीबाईंच्या गालांवरून मात्र आसवे ओघळली. मांडवात एकच हाहाकार उडाला, कारण तेथे अश्रू हे विषबाधेचे पहिले लक्षण होते.

रेवती शालू सावरीत धावली. "आई, सकाळचं औषध घेतलंस ना?"

"नाही गं. कोरड्या डोळ्यांनी लेक सासरी धाडू होय?"

"वेडी आहेस का? श्वास कोंडेल तुझा!"

"मिनिटभर थांब, बाळा. पोटभर रडू दे."

इंदुमतीबाईंच्या छातीत घरघर सुरू झाली होती. रेवतीने औषधाची कुपी त्यांच्या ओठांना लावली आणि ती रिकामी होईपर्यंत काढली नाही. मग, आईची आसवे आटण्यापूर्वी, तिने ती बोटांनी टिपून आपल्या कोरड्या पापण्यांना लावली.

इंदुमतीबाईंनी लेकीच्या ओल्या डोळ्यांकडे डोळे भरून पाहिले.

"आता नीघ, बाळा," त्या म्हणाल्या.